दूरस्थ गवाक्ष प्रणाली

एका संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीचे चित्ररूप दर्शन जालाने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर घडविणारी, आणि त्या पडद्यापाशी बसलेल्या माणसाने कळफलक व माउस यांवर केलेल्या हालचाली मूळ आज्ञावलीपर्यंत पोहोचविणारी व्यवस्था. पडद्यावरील ज्या चौकटीत एकेका आज्ञावलीचे काम दिसते तिला गवाक्ष किंवा विंडो म्हणतात. गवाक्ष एका ठिकाणी आणि त्यामागील काम दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी या प्रणालीत असते. दोन्ही संगणक एकाच बनावटीचे असण्याची गरज नसते. अशा प्रणालींपैकी एक्स ही सर्वांत प्रभावी ठरली. काम कोठे व्हावे व दर्शन कोठे व्हावे, या प्रश्नाची वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली त्यांचा इतिहास म्हणजेच या प्रणालींचा इतिहास होय. मोठ्या शहरातील संशोधनसंस्थेला या प्रश्नाचे जे उत्तर सोयीचे होते ते धुळे-जळगावसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तसेच लागू पडले नाही. त्याची कारणे समजली, म्हणजे या तंत्राच्या मर्यादाही स्पष्ट होतात.

पूर्वपीठिका : प्रारंभीचे संगणक थोडे, महाग व अवाढव्य होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी आज्ञावली छिद्रित कार्डांवर उतरवून तो गठ्ठा संगणक-केंद्राकडे सोपवावा लागे व उत्तर छापील कागदावर मिळे. संगणक माणसाकडे येत नसे. माणसालाच संगणकाकडे जावे लागे.

या स्थितीत पहिला बदल कालविभाजन पद्धतीने घडविला. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. एकच संगणक आपला वेळ अनेकांना अतिशय लहान तुकड्यांत वाटून देई आणि प्रत्येकजण तारेने जोडलेल्या आपापल्या टर्मिनलपाशी बसून काम करी. तथापि या तारेतून फक्त अक्षरे व अंकच जात. चित्ररूप पडदा, माउस व गवाक्षे यांचा मेळ झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील आल्टो या संगणकात (१९७३) प्रथम घातला गेला. परंतु तेथे पडदा व आज्ञावली ही एकाच यंत्राशी बांधलेली होती. टर्मिनलाचे दूरत्व आणि आल्टोचे चित्ररूप या दोहोंचा संगम पुढील दशकात झाला.

उगम : स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल असेंटे व ब्रायन रीड यांनी डब्ल्यू नावाची एक जालगत गवाक्ष प्रणाली तयार केली होती. एमआयटीतील रॉबर्ट शाइफ्लर यांना १९८४ मध्ये आपल्या संशोधनासाठी अशा प्रणालीची गरज भासली. डब्ल्यूमध्ये आज्ञावलीला प्रत्येक विनंतीनंतर उत्तरासाठी थांबावे लागे. शाइफ्लर यांनी ही अट काढून टाकली आणि उत्तराची वाट न पाहता एकामागून एक विनंत्या पाठविण्याची पद्धत स्वीकारली. नव्या प्रणालीला वर्णमालेतील डब्ल्यूनंतरचे अक्षर नाव म्हणून मिळाले. जून १९८४ मध्ये तिची घोषणा झाली.

त्याच संस्थेत १९८३ पासून अथेना हा प्रकल्प चालू होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन व आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांसाठी संस्थाभर संगणक मांडणे हा त्याचा हेतू होता. दोन्ही कंपन्यांची यंत्रे भिन्न असल्याने एकावरील आज्ञावली दुसऱ्यावर दिसणे ही तेथे निकडीची गरज होती. डिजिटल कंपनीचे जिम गेटिस यांनी शाइफ्लर यांच्या समवेत या कामाचा भार उचलला. सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक्सची अकरावी आवृत्ती इतकी स्थिरावली, की तिचा मूळ प्रोटोकॉल पुढे बदलावा लागला नाही. भर पडली ती केवळ विस्तारांच्या रूपाने. एक्स कोणालाही विनामूल्य वापरता व सुधारता येत असल्याने परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनीही तिचा अंगीकार केला. तिच्या विकासासाठी १९८८ मध्ये एमआयटीत एक संघ स्थापन झाला. २००४ पासून हे काम एक्स डॉट ऑर्ग प्रतिष्ठानाकडे आहे.

रचना व कार्य : एक्समधील संज्ञा नवख्यास उलट वाटतात. सर्वसाधारणपणे सर्व्हर म्हणजे दूरचा मोठा संगणक. एक्समध्ये मात्र वापरणाऱ्याच्या समोरील पडदा, कळफलक व माउस यांची व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावलीला सर्व्हर म्हणतात, कारण पडदा ही सेवा तीच पुरविते. प्रत्यक्ष काम करणारी दूरची आज्ञावली ही त्या सेवेची गिऱ्हाईक, म्हणजे क्लायंट होय. समजा, एखादी आज्ञावली पुण्यातील संगणकावर चालू आहे आणि ती पाहणारा जळगावात आहे. तर एक्सच्या परिभाषेत सर्व्हर जळगावात व क्लायंट पुण्यात असतो.

क्लायंट सर्व्हरला चित्र पाठवीत नाही; चित्र कसे काढावे याच्या विनंत्या पाठवितो. एक आयत रंगविण्याची विनंती २० बाइटांत मावते, मग तो आयत नखाएवढा असो की पडदाभर. उलट दिशेने सर्व्हर क्लायंटला घडामोडी कळवितो : अमुक कळ दाबली, माउस अमुक बिंदूवर आला, झाकलेले गवाक्ष उघडे पडले, इत्यादी.

दोन भिन्न संगणकांत मोठ्या अंकांची मांडणीही भिन्न असू शकते. अनेक बाइटांची संख्या लिहिताना काही यंत्रे मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवतात, तर काही लहान स्थानाचा. एक्सने याची तजवीज पहिल्याच बाइटात केली. संपर्क सुरू करताना क्लायंट आपली मांडणी कोणती हे एका अक्षराने सांगतो आणि आवश्यक ती उलटापालट सर्व्हर करतो. त्यामुळे यंत्रांच्या बनावटीतील हा भेद आज्ञावली लिहिणाऱ्याला जाणवतही नाही.

अंतराचा प्रश्न : एक्सचा जन्म एका संस्थेच्या आवारात झाला. तेथील जालाची वहनक्षमता दर सेकंदाला १ कोटी बिट होती. १,०२४ × ७६८ चित्रबिंदूंच्या कृष्णधवल पडद्याचे पूर्ण चित्र ७,८६,४३२ बिटांचे होते. ते अशा जालातून सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात जाते. ९,६०० बिट वेगाच्या दूरध्वनी मार्गावरून त्याच चित्राला ८० सेकंदांहून अधिक वेळ लागतो. भारतातील संशोधनसंस्थांना जोडणाऱ्या एर्नेट या जालाचे काम १९८६ मध्ये सुरू झाले. मुंबईतील भारतीय तंत्रविज्ञान संस्था व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्र या त्यातील आरंभीच्या संस्था होत. शहराशहरांतील मार्ग प्रारंभी याच ९,६०० बिटांच्या श्रेणीतील होते.

खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. तेच आजचे जळगाव व धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला. खानदेशात संगणकजाल पोहोचले ते प्रथम शासकीय मार्गाने. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने निकनेट या जालाद्वारे १९९० च्या सुमारास देशातील जिल्हा-मुख्यालये जोडली. हा संपर्क लहान भू-स्थानके व भूस्थिर उपग्रह यांच्यामार्फत होई आणि त्याचे मुख्य केंद्र दिल्लीस होते.

येथे वहनक्षमतेहून वेगळी अशी दुसरी अडचण उभी राहते, ती विलंबाची. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किमी. उंचीवर असतो. जिल्ह्यातून निघालेला प्रश्न उपग्रहाकडे जाऊन दिल्लीत उतरणार आणि त्याचे उत्तर त्याच वाटेने परतणार, म्हणजे एका प्रश्नोत्तरास सुमारे १,४३,००० किमी. प्रवास होतो. विद्युत्‌चुंबकीय तरंगांना त्यासाठी जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. एक्सने विनंतीगणिक थांबण्याची अट काढली होती हे खरे. परंतु आज्ञावली सुरू होताना पडद्याचे आकारमान, रंग, अक्षरसंच इत्यादींविषयी तिला सर्व्हरला अनेक गोष्टी विचाराव्याच लागतात. अशी ३०० प्रश्नोत्तरे होतात असे धरल्यास, संस्थेच्या आवारात त्यांना एक सेकंदही लागत नाही; उपग्रहमार्गे दोन मिनिटांहून अधिक वेळ जातो. वहनक्षमता कितीही वाढविली, तरी हा विलंब कमी होत नाही.

भूमार्गाने हेच गणित बदलते. जळगाव-मुंबई हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ४२० किमी. आहे. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किमी. जातो, म्हणजे जाण्यायेण्यास सु. ४ सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्यक्ष मार्ग वळणाचा असला तरी हा विलंब माणसाला जाणवण्याइतका नसतो. सारांश, खानदेश मुंबई-पुण्याहून दूर होता म्हणून नव्हे, तर त्याला मिळालेली वाट आकाशातून जात होती म्हणून दूरस्थ गवाक्षे त्यावेळी तेथे अव्यवहार्य ठरली असती. उपग्रहजालाचा उपयोग जिल्ह्यात नोंदविलेली माहिती व संदेश पाठविण्यापुरताच राहणे साहजिक होते.

सामान्य खानदेशी नागरिकाला दूरस्थ संगणनाचा पहिला अनुभव बहुधा रेल्वेच्या आरक्षण-खिडकीवर आला. भुसावळ विभाग मध्य रेल्वेत असल्याने तेथील आरक्षणाची आज्ञावली व आसनांची नोंद मुंबईच्या केंद्रात असे. स्थानकावरील टर्मिनलावर केवळ अक्षरे व अंक उमटत. ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे फार तर २,००० अक्षरे. ती ९,६०० बिटांच्या मार्गावरून सुमारे २ सेकंदांत येतात. कमी क्षमतेच्या मार्गावर अक्षररूप टर्मिनल का टिकून राहिले, हे यावरून कळते.

देवनागरीचा प्रश्न : अक्षररूप टर्मिनल काटकसरीचे असले, तरी त्याची अक्षरे रोमन होती. देवनागरीत जोडाक्षरे होतात आणि ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येऊनही लेखनात आधी येतो. त्यामुळे एका संकेतास एक आकृती हा रोमन लिपीचा नियम तिला पुरत नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत यावर संशोधन झाले आणि त्यातून आलेले जिस्ट हे तंत्र पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) पुढे नेले. त्यात लिपीचे संकेत एकसारख्या आठ बिटांत बसविले होते. हीच इस्की संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकृत झाली. जिस्ट टर्मिनल युनिक्स संगणकाला जोडल्यास तारेतून केवळ संकेत येत आणि त्यांना जोडाक्षरांसह देवनागरी रूप देण्याचे काम टर्मिनल स्वतः करी. अर्थात लिपीचे ज्ञान पाहणाऱ्याच्या टोकाशी ठेवले होते आणि मराठी मजकुराला रोमन मजकुराहून अधिक रुंद वाट लागत नसे.

एक्सच्या मूळ रचनेतही अक्षरसंच पाहणाऱ्याच्या टोकाला, म्हणजे सर्व्हरपाशी असत. परंतु त्यांचा पाया एक संकेत-एक आकृती हाच होता. परिणामी दूरच्या संगणकावरील मराठी आज्ञावली पाहणाऱ्याकडे योग्य अक्षरसंच नसला, तर पडद्यावर चौकोन किंवा तुटकी अक्षरे उमटत. ही अडचण २००० नंतर दूर झाली. कीथ पॅकार्ड यांनी एक्सला जोडलेल्या रेंडर या विस्तारामुळे अक्षरांच्या आकृती क्लायंटच्या टोकाला तयार होऊ लागल्या, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पँगो या संचामुळे देवनागरीची जुळणी करणे सुलभ झाले. प्रत्येक आकृती सर्व्हरकडे एकदाच पाठवायची व नंतर केवळ तिचा क्रमांक सांगायचा, अशी योजना असल्याने मार्गावरील भारही आवाक्यात राहिला. जिस्ट टर्मिनलाने लिपीचे ज्ञान पाहणाऱ्याकडे ठेवले होते; एक्समध्ये ते काम करणाऱ्याकडे गेले. मराठी वाचकाच्या दृष्टीने याचा लाभ असा, की समोरच्या यंत्रात मराठीची सोय नसली तरी दूरची मराठी आज्ञावली त्यावर वाचता येऊ लागली.

सुरक्षितता व खंड : अथेनाचे जाल परस्परांच्या ओळखीचे होते. एक्सच्या विनंत्या व दाबलेल्या कळा तारेतून उघड्या रूपात जात, आणि एकाच पडद्याशी जोडलेली एक आज्ञावली दुसरीच्या कळा टिपू शके. सार्वजनिक जालावर हे धोक्याचे ठरले. हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठातील टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या एसएसएच या प्रोटोकॉलने दोन संगणकांतील सर्व वाहतूक गूढलेखात नेण्याची सोय केली व एक्सचे संदेशही त्यातून नेता येऊ लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सेवा सार्वजनिक रीत्या खुली केली.

दुसरा दोष मार्ग खंडित होण्याचा. एक्समध्ये मधला मार्ग तुटला, तर क्लायंट सामान्यतः बंद पडतो व अपुरे काम वाया जाते. खंडित वीज व तुटणारे दूरध्वनी मार्ग नित्याचे असलेल्या भागात हा दोष वहनक्षमतेच्या उणिवेहूनही जाचक होय. केंब्रिज (इंग्लंड) येथील ऑलिव्हेटी व ऑरॅकल संशोधन प्रयोगशाळेने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या व्हीएनसी या प्रणालीने यावर वेगळा उपाय योजला. तीत संपूर्ण पडदा दूरच्या संगणकातच राहतो. पाहणाऱ्याकडे त्याचे केवळ प्रतिबिंब येते. संपर्क तुटला तरी काम चालू राहते आणि पुन्हा जोडताच पडदा होता तसा दिसतो. मायक्रोसॉफ्टनेही १९९८ मध्येच विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर दूरस्थ पडद्याचा आपला प्रोटोकॉल आणला.

याच सुमारास जुन्या, दुर्बळ संगणकांना एका सबळ संगणकाची टर्मिनले बनविण्याचा एलटीएसपी हा मुक्त प्रकल्प (१९९९) सुरू झाला. शाळा-महाविद्यालयांना ही पद्धत कमी खर्चाची होती; पण मुख्य संगणक थांबला, की सर्वच पडदे थांबत. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन तीव्र होते, हे ध्यानात घेता तेथे अशा व्यवस्थेचा टिकाव विजेच्या पर्यायी सोयीवरच अवलंबून राही.

इतर उत्तरे : दूरस्थ गवाक्षांना खरा पर्याय वेबने दिला. मोझेइक हा लोकप्रिय झालेला चित्ररूप ब्राउझर १९९३ मध्ये प्रथम एक्सवरच अवतरला. परंतु त्याने एक्सची गरज कमी केली. वेबमध्ये पडदा रंगविण्याचे काम पाहणाऱ्याचा संगणक करतो, आज्ञावलीचा काही भागही त्याच्याकडेच येतो, आणि प्रत्येक हालचाल दूरवर कळवावी लागत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून महाराष्ट्रात याच मार्गाने मिळू लागला.

तिसरे उत्तर खानदेशातच पाहावयास मिळाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकाचे देशातील पहिले वाटप झाले. आधारच्या नोंदणीची आज्ञावली जालाशिवायही चालेल अशी बेतलेली होती; माहिती त्याच संगणकावर गूढलेखात साठवून मार्ग उपलब्ध झाल्यावर मुख्य केंद्राकडे पाठविता येई. जेथे मार्ग अनिश्चित असतो तेथे पडदा दूर नेण्याऐवजी आज्ञावलीच जागेवर नेणे श्रेयस्कर, हे तत्त्व त्यामागे होते.

सद्यःस्थिती : क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये आरंभिलेल्या वेलँड या प्रोटोकॉलने एक्सची जागा हळूहळू घेतली आहे. वेलँडच्या मूळ रचनेत जालाचा समावेश नाही. आज्ञावली आपले चित्र स्वतः पूर्ण करून त्याच यंत्रातील पडद्याकडे सोपविते. दूरदर्शनाचे काम वेपाइपसारख्या (२०१९) वेगळ्या साधनांवर किंवा संपूर्ण पडदा पाठविणाऱ्या प्रोटोकॉलांवर सोपविले आहे. रेड हॅट कंपनीने २०२५ मधील आपल्या व्यावसायिक लिनक्स प्रणालीतून एक्सचा स्वतंत्र सर्व्हर वगळला. जुन्या आज्ञावलींसाठी त्याचे वेलँडवर चालणारे रूप तेवढे ठेवले.

मात्र काम एकीकडे व पडदा दुसरीकडे ही कल्पना मागे पडलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत मोठ्या शहरांतील नोकरदारांना आपापल्या गावी राहून कार्यालयातील संगणक वापरता आला, तो याच तंत्रामुळे. तंतुमार्ग जिल्ह्यापर्यंत आल्याने विलंबाची जुनी अडचण बरीच ओसरली आहे. उरलेला प्रश्न तांत्रिक कमी व व्यावहारिक अधिक आहे. आज्ञावली व माहिती दूरच्या केंद्रात राहिल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रसामग्रीचा व देखभालीचा खर्च वाचतो. पण ते केंद्र अथवा मधला मार्ग बंद पडल्यास तलाठी, बँक व विद्यार्थी यांची कामे एकाच वेळी अडतात. काम कोठे व्हावे या प्रश्नाला म्हणूनच एक कायमचे उत्तर नाही. उपलब्ध मार्ग, वीज व खंड सोसण्याची तयारी पाहून ते प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते.